कुत्रं भुकलं नाही म्हणे

कंधार तालुक्यातील शाळांमध्ये मराठी शिकवणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांस खुले पत्र

सन्माननीय गुरुजनहो,



रहस्यकथेतल्या संवादाला दोन कामे असतात: सांगणे आणि लपवणे. इतर कथांचे पहिल्या कामावर भागते. रहस्यकथा मात्र दुसऱ्यावाचून उभीच राहत नाही, कारण ज्याला खरे ठाऊक आहे तो माणूस पहिल्या पानापासून गोष्टीत वावरत असतो, बोलत असतो, आणि वाचकाला ते शेवटापर्यंत उमगू द्यायचे नसते. मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. घरात लोणच्याची बरणी फुटल्यावर चौकशी कशी होते, कोण कसे उत्तर देते, कोण मध्येच अभ्यासाला बसते, हे त्यांना एखाद्या ठाणे अंमलदाराइतके पक्के माहीत असते. तरीही सातवी-आठवीच्या वहीत उतरणाऱ्या रहस्यकथेत चोर, आजी, सरपंच आणि हवालदार एकाच आवाजात बोलतात आणि पहिल्याच प्रश्नाला खरे उत्तर देऊन मोकळे होतात. दोष मुलांच्या कल्पनाशक्तीचा नाही. शिकवण्यात कुठे कुठे गाठ बसते आणि ती कशी सोडवता येईल, एवढाच या पत्राचा विषय आहे.

पहिली तक्रार संवादलेखनाच्या पाठाबद्दल. शाळेत संवाद हा कथेपासून वेगळा काढून शिकवला जातो आणि त्याचे विषय ठरलेले असतात: पाण्याची बचत, वाचनाचे महत्त्व, मोबाइलचे दुष्परिणाम. दोन मित्र भेटतात, एक विचारतो, दुसरा माहिती देतो, पहिल्याला पटते, दोघे आपापल्या घरी जातात. हा संवाद नव्हेच. मधोमध चिरून दोघांच्या तोंडी वाटून दिलेला निबंध आहे. त्यात कोणी काही लपवत नाही, कोणाला काही हवे नसते, कोणी कोणाचे बोलणे तोडत नाही. कथालेखन त्याच वहीत पुढे कुठेतरी येते, मुद्दे आणि शीर्षकासह, आणि या दोन पाठांची गाठभेट वर्षभरात होत नाही.

विनंती अशी की, संवादाचा सराव लपवाछपवीच्या प्रसंगाने सुरू व्हावा. त्याला साहित्य लागत नाही. दोन मुलांना दोन चिठ्ठ्या द्याव्यात. एकीवर लिहिलेले असेल: ‘खडूची पेटी तूच नेलीस, पाय मोडलेल्या पिलाला ठेवायला. हे कोणाला कळू द्यायचे नाही.’ दुसरीवर: ‘पेटी मधल्या सुट्टीपर्यंत टेबलावर होती. एवढेच तुला माहीत आहे.’ नियम एकच, खोटे बोलायचे नाही, फक्त टाळायचे. तिसऱ्या मुलाने जे ऐकू येईल ते जसेच्या तसे लिहून घ्यायचे. पाच-सहा प्रश्नांत कागदावर जे उतरते ते कोणत्याही व्याख्येपेक्षा उपयोगी असते. टाळणारे मूल प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देते. विचारले त्याहून लहान प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्याचेच काहीतरी काढते. किंवा न विचारलेला तपशील नको इतक्या नेमकेपणाने सांगते. रहस्यकथेतल्या संशयितांची सगळी बोलणी या चार तऱ्हांत बसतात. मुलांनी त्या स्वतः शोधल्या की त्यांना नावे देण्याचे काम शिक्षकाकडे उरते.

यापेक्षा जुनी शाळा जवळच भरते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि एकूणच जनावरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली बोटे धरून होतो. तोंडाने जनावराचे दात, चाल, वशिंड यांवर मोठ्याने वाद चाललेला असतो आणि खरा आकडा रुमालाखाली फिरत असतो. भोवतालच्या माणसांना बोलणे ऐकू येते, भाव कळत नाही. रहस्यकथेतला चांगला संवाद अगदी असा असतो. यात्रेला जाणाऱ्या मुलांना ‘माळेगावची यात्रा’ या विषयावर निबंध देण्याऐवजी एकदा त्या वरच्या वादाची दहा वाक्ये लिहून आणायला सांगावे.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित. मराठी भाषेतच रहस्यकथेच्या खुणा भरून ठेवलेल्या आहेत. व्याकरणाच्या तासाला त्या शिकवल्याही जातात, पण कथेत त्यांचा उपयोग होऊ शकतो हे कोणी सांगत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या रात्री, शेतातल्या आखाड्यावरून लाल कंधारी बैलाची घुंगरमाळ नाहीशी झाली अशी गोष्ट धरावी. आठवीतली एक मुलगी शोधाला लागते आणि आधी सालगड्याला गाठते.

“काका, रातच्याला तुमी कुठं होता?”

“घरीच होतो माय. अंगात ताप होता.”

“कुत्रं भुकलं का?”

“न्हाई भुकलं म्हणे.”

मग चुलतभाऊ भेटतो.

“दादा, तू कुठं होतास?”

“मी गावात. भजनाला बसलो होतो.”

“मंग आखाड्यावर कुनीच नव्हतं?”

“कोन असंल? कुत्रं बी भुकलं न्हाई.”

सगळा उलगडा एका शब्दात आहे. सालगडी ‘म्हणे’ लावतो, कारण त्याने ते दुसऱ्याकडून ऐकले. चुलतभाऊ गावात भजनाला होता, तरी कुत्र्याबद्दल साक्षीदारासारखा बोलतो. ऐकीव आणि पाहिलेले यांतला फरक एका शब्दाने दाखवण्याची सोय मराठीत आहे आणि कंधारचे प्रत्येक मूल ती रोज वापरते. न भुंकलेला कुत्रा रहस्यकथेत नवा नाही. आर्थर कॉनन डॉयलच्या १८९२ सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत तबेल्यातला कुत्रा रात्री गप्प राहिला, यावरूनच शेरलॉक होम्स ओळखतो की आलेला माणूस कुत्र्याच्या परिचयाचा होता. पण तिथे खूण कुत्र्याच्या वागण्यात आहे. वरच्या गोष्टीत ती बोलणाऱ्याच्या वाक्यात, तेही न आलेल्या शब्दात आहे, आणि ती मराठीतूनच सुचू शकते.

अशा जागा आणखीही आहेत. ‘आम्ही किल्ल्यावर गेलो तेव्हा’ आणि ‘आपण किल्ल्यावर गेलो तेव्हा’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘आपण’मध्ये ऐकणाराही आला. जो मुलगा आपण किल्ल्याकडे फिरकलोच नाही असे शपथेवर सांगतो आहे, त्याच्याशी बोलताना दुसरा चुकून ‘आपण’ म्हणून गेला की दोघेही सापडले. शोध घेणाऱ्याने ते ऐकून काहीच बोलू नये. कथा दोन पानांनी लांबते आणि रंगते.

क्रियापदाचे लिंग ही तिसरी जागा. बंद दाराआडून ‘आले, आले’ असा आवाज आला आणि घरात फक्त मामा असायला हवे होते, तर वाचकाचे कान टवकारतात. उलट, निनावी चिठ्ठी लिहिणारे पात्र हुशार असेल तर ते भूतकाळ टाळते. ‘मी काल आलो होतो’ लिहिले की लिहिणारा पुरुष ठरतो, ‘मी उद्या येईन’ लिहिले तर काहीच कळत नाही. भविष्यकाळात प्रथमपुरुषाला लिंग नाही, हा व्याकरणातला कोरडा नियम अशा चिठ्ठीत एकदम जिवंत होतो. (कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी येतो’ म्हणतात. तेव्हा ही खूण वापरताना पात्राचा जिल्हा पाहावा. एखाद्या चलाख मुलाला यातच दुसरी गोष्ट सुचेल.)

‘फुटला’ आणि ‘फोडला’ ही जोडी तर पाचवीतल्या मुलालाही वापरता येते. शोध घेणारा म्हणतो, “माठ फुटलाय.” समोरचा म्हणतो, “मी नाही फोडला.” कोणी फोडला असे अजून कोणी म्हटलेलेच नव्हते.

अवतरणचिन्हांचा धडाही इथेच घ्यावा, शुद्धलेखनाच्या तासाला नव्हे. मराठीत ही चिन्हे मुळची नाहीत. विरामचिन्हे रुळवण्याचे काम एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी केले. त्यांची गरज काय, हे मुलांना एका वाक्यावरून पटते: ‘आबा म्हणाले की मी दार लावलं.’ दार कोणी लावले? आबांनी की हे सांगणाऱ्याने? मराठीत ‘की’नंतर मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवता येतो, त्यामुळे वाक्याचे दोन्ही अर्थ होतात. आबा म्हणाले, “मी दार लावलं,” असे लिहिताच एक अर्थ उरतो. अवतरणचिन्ह केव्हा घालायचे आणि घोळ हवा असेल तेव्हा ते मुद्दाम केव्हा टाळायचे, हे ज्याला कळले त्याला चिन्हांवर वेगळे गुण द्यावे लागत नाहीत.

तिसरी तक्रार लाल शाईची आहे आणि ती थोडी कडू आहे. वरची घुंगरमाळेची गोष्ट एखाद्या मुलीने लिहून दिली तर ‘रातच्याला’, ‘मंग’, ‘कोन’, ‘न्हाई’ या प्रत्येक शब्दाखाली रेघ येते. ‘काय करायलास’चे ‘काय करत आहेस’ होते. शेवटी सालगडी पुण्याच्या आकाशवाणीवरचे निवेदक वाटावेत इतके शुद्ध बोलू लागतात, आणि या धांदलीत ‘म्हणे’ही बोलीतला म्हणून खोडला जातो. रहस्य तिथेच संपते. निवेदन प्रमाणभाषेत तपासावे, याबद्दल वाद नाही. अवतरणचिन्हांच्या आतली भाषा मात्र पात्राची असते. तिथे तपासायचे ते एवढेच की हा माणूस असे बोलेल का. मराठी साहित्याने हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. शेजारच्या परभणीचे आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्यातली माणसे याच मातीतली आहेत. पुरस्काराला जी भाषा चालते ती आठवीच्या वहीला चालायला हरकत नसावी.

बोलीच्या बाबतीत शाई चालवायचीच असेल तर ती दुसऱ्या जागी चालवावी. मुलांच्या रहस्यकथांत वेगळे बोलणारा माणूस फार लवकर चोर ठरतो. कंधारच्या बाजारात मराठीबरोबर दखनी उर्दू ऐकू येते, तांड्यांवरची गोरमाटी ऐकू येते, तेलुगूचे शब्द तर रोजच्या बोलण्यात मिसळलेले आहेत. मुलाच्या कानावर हे सगळे पडते, ते लिहितेही हौसेने, पण लकबीचा उपयोग संशय निर्माण करायला करते, कारण सिनेमात तसेच पाहिलेले असते. जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला; बोलण्यावरून चोर ओळखण्याची खोड गोष्टींमधून अजून गेलेली नाही. लकब ही ओळख असावी, पुरावा नसावा, असे एक वाक्य समासात लिहिले तरी पुरेल. शिवाय कथेच्या दृष्टीनेही ते वाईटच: ज्याच्यावर वाचकाचा पहिला संशय जातो तोच चोर निघाला, तर वाचायचे कशाला?

चौथी गोष्ट लहान आहे. ‘म्हणाला’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला की शिक्षक विविधता सुचवतात आणि मुले उद्गारला, गरजला, किंचाळला, पुटपुटला यांची माळ लावतात. वाचकाचे लक्ष मग बोलण्यावरून उडून बोलण्याच्या आवाजाकडे जाते. मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक, म्हाइंभटांचे तेराव्या शतकातले ‘लीळाचरित्र’, बऱ्याच अंशी संवादांवर उभे आहे, आणि कोण बोलले हे सांगायला त्यात ‘म्हणणे’ या एकाच क्रियापदाची रूपे फिरून फिरून येतात. कोणाला ती खटकत नाहीत. ‘म्हणाला’ डोळ्यांना दिसतच नाही, हाच त्याचा गुण आहे. जिथे दोघेच बोलत आहेत आणि आवाज वेगळे आहेत तिथे तोही नको.

क्रियापदांच्या माळेऐवजी मुलांना हातांकडे पाहायला शिकवावे. प्रश्न विचारला जातो तेव्हा उत्तर देणारा काय करत असतो? आत्या तव्यावरची भाकरी उलटते, आणि ती उलटायला आज जरा जास्तच वेळ लागतो. चुलता बिडी शोधायला खिसे चाचपतो, बिडी तर कानावर असते. अशा एका वाक्याने जो थांबा येतो तो तीन टिंबांनी येत नाही. गप्प राहणे हेही उत्तर असते, हे मराठी मुलांना वेगळे शिकवायला नको. वेताळपंचविशीची सगळी गंमत त्यावरच आहे: राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर, आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर डोक्याची शकले. विक्रमाच्या गोष्टी सांगून झाल्यावर एवढेच विचारावे, ‘तुमच्या गोष्टीत कोण बोललं तर घात आहे, आणि कोण गप्प राहिलं तर?’

पाचवी तक्रार माहिती कोंबण्याची. “तुला माहीतच आहे की आपले आजोबा दहा वर्षांपूर्वी वारले आणि त्यांनी पेटीची चावी मामाकडे दिली,” असे एक भाऊ दुसऱ्याला सांगतो. त्याला माहीत आहे तर सांगतो कशाला? यावर रहस्यकथेने फार पूर्वी उपाय काढला आहे: शोध घेणाऱ्याच्या बरोबर कमी जाणणारा सोबती ठेवायचा. होम्सला वॉटसन आहे. सत्यजित राय यांच्या फेलूदाला तोपशे आहे. १९६५ मध्ये बंगालीत अवतरलेला हा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे मराठी मुलांच्याही ओळखीचा आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजयाबरोबर छोटू असतो. सोबती वाचकाच्या वतीने विचारतो, चुकीचे तर्क करतो आणि नायकाला थोडे थोडेच बोलायला लावतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे स्वतः धडपडणारा, पण त्याच्या ‘ट्टॉक्’ या एका आवाजाने ओळख पटते. चार वाक्यांचे वर्णन वाचवणारी अशी लकब आपल्या पात्राला द्यायला मुलांना फार आवडते. दोन पात्रांना मात्र एकच लकब देऊ नये, आणि ती प्रत्येक ओळीत आली की तिचा कंटाळा येतो, हेही सांगावे.

याच दुखण्याची दुसरी बाजू शेवटच्या भाषणात दिसते. सगळ्यांना अंगणात जमवून नायक सलग दीड पान बोलतो. मोठ्या लेखकांनीही हे केले आहे, म्हणून मुलांना त्याचा मोह होतो. साधा उपाय आहे: उलगडाही प्रश्नोत्तरांतच करावा, आणि त्यात येणारा प्रत्येक पुरावा आधीच्या एखाद्या संवादात वाचकाच्या कानावर पडलेला असावा. वही तपासताना उलगड्यापासून मागे वाचत जावे. घुंगरमाळेच्या गोष्टीत “दादा, तू तर गावात होतास. मग कुत्रं भुकलं न्हाई ते तुला कसं कळलं?” एवढा प्रश्न पुरतो. आधीचे पान उलटून पाहिले की तिथे ते वाक्य सापडते. सापडले नाही तर लेखकाने वाचकाला फसवले, आणि ते समासात लिहून ठेवण्यासारखे आहे. व्याकरणाच्या चुकांपेक्षा हीच चूक आधी दाखवावी.

राहिले तात्पर्य. गोष्टीखाली ‘तात्पर्य: चोरी करू नये’ असे लिहिण्याची सवय तिसरी-चौथीपासून लागते आणि दहावीच्या कथालेखनापर्यंत सुटत नाही. रहस्यकथेला हे जड जाते. चुलतभावाने घुंगरमाळ का नेली, हे त्याने एका वाक्यात सांगितले तर वाचक काय ते समजून घेतो. खाली पाटी लावली की त्या वाक्याचीही किंमत जाते. परीक्षेत मुद्दे दिलेले असतात आणि शब्द मोजके असतात, तिथे शिक्षकांचेही हात बांधलेले असतात हे खरे. पण वर्षभरातल्या सगळ्याच गोष्टी परीक्षेसाठी लिहायच्या नसतात. किमान सहामाहीला एक गोष्ट गुणांशिवाय, तात्पर्याशिवाय लिहू द्यावी. ती शाळेच्या भित्तिपत्रकावर लागावी, आणि जमली तर ‘किशोर’कडे धाडावी, बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते आहे.

विषयांना कंधारात तोटा नाही. खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला आहे, राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे, मन्याडचा काठ आहे आणि एका प्रचंड मूर्तीचे तुकडे आहेत. ते पाहिल्यावर प्रत्येक मूल विचारते, ‘बाकीची मूर्ती कुठं गेली?’ हा प्रश्न शिक्षकांनी उत्तर देऊन संपवू नये. तो एका पात्राच्या तोंडी घालावा आणि दुसऱ्या पात्राला उत्तर टाळायला सांगावे.

शेवटची विनंती तपासण्याबद्दल. संवाद असलेली गोष्ट डोळ्यांनी तपासू नये, कानांनी तपासावी. लिहिणाऱ्याने निवेदन वाचावे, पात्रांची वाक्ये वर्गातल्या दुसऱ्या मुलांनी वाचावीत, नावे न घेता. कोण बोलत आहे हे मागच्या बाकावरच्या मुलाला ओळखता आले तर संवाद जमला. ओळखता आले नाही तर वही लाल न करता परत द्यावी, आणि ती वाक्ये घरी आजीला वाचून दाखवायला सांगावीत. ‘असं कोन बोलतंय रे?’ हा तिचा शेरा दुरुस्तीला पुरतो.



आपल्या विद्यार्थ्यांच्या गोष्टींचा
एक वाचक,
कंधार